दुबळ्या बाजूचे प्रेक्षक

अमेरिकेतील महाविद्यालयांचा फुटबॉल सिडनीत बसून पाहणारे दोन वृद्ध मराठी गृहस्थ, हे चित्र कोणालाही विचित्र वाटेल. आमच्या घरच्यांना ते वाटतच असे. या फुटबॉलमध्ये चेंडू पायाने क्वचितच मारतात. तो हातात घेऊन धावायचे आणि समोरच्यांना चुकवून शेवटची रेषा ओलांडायची, एवढे समजले की खेळ पाहता येतो. मला तो मास्तरांनी शिकवला.

मास्तर म्हणजे आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहणारे माझे स्नेही. पुण्यातील एका महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. तरुणपणी दोन वर्षे ते अमेरिकेतील एका लहान महाविद्यालयात शिकत होते. तिथून पदवी आणली, आणि हे वेड आणले. त्यांच्या महाविद्यालयाचा संघ तेव्हाही हरत असे, आजही हरतो. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि मुलाकडे येऊन राहिलो. आमची ओळख इथल्या बागेतील बाकावर झाली. ते मला इंजिनीअर म्हणू लागले, मी त्यांना मास्तर. त्यापुढे जवळीक वाढवण्याची दोघांनाही गरज वाटली नाही.

अमेरिकेतील शनिवारचे सामने इथे सिडनीत रविवारी पहाटेपासून सुरू होतात. आम्ही ते आंघोळ, चहा उरकून मास्तरांच्या मुलीच्या गराजमध्ये पाहत असू. गाडी बाहेर, आम्ही आत. तिथे दोन खुर्च्या, एक जुना टीव्ही आणि कपडे वाळवायचा स्टँड होता. नियम दोन. पहिला नियम असा, की सामना पाहून होईपर्यंत निकाल कळता कामा नये. ज्याला कळला असेल त्याने तोंड उघडायचे नाही. रविवारी सकाळी आमचे फोन स्वयंपाकघरातील ओट्याच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असत. दुसरा नियम असा, की क्रमवारीत जो संघ खाली असेल त्याच्या बाजूने दोघांनी बसायचे. या दुसऱ्या नियमामुळे आम्ही बहुतेक रविवारी हरत असू. वर्षातून चार-पाच वेळा एखादा बलाढ्य संघ कोसळे. मग मास्तर स्वतः आत जाऊन दुसरा चहा करत.

गेल्या ऑक्टोबरमध्ये मास्तरांच्या छातीत दुखू लागले. तपासणीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. वेस्टमीडच्या हॉस्पिटलमध्ये शुक्रवारी दाखल केले. सोमवारी सकाळी बायपास ठरली. सर्जन तरुण होते. ते मुलीला म्हणाले, काळजी करू नका, या ऑपरेशनमधून बहुतेक सगळे पेशंट नीट घरी जातात. मास्तरांनी हे ऐकले. मीही तिथेच होतो.

रविवारी सकाळी मी ट्रेनने तिथे पोहोचलो. मुलीने टॅबलेट पलंगाच्या टेबलावर लावून ठेवला होता. खिडकीतून कार पार्कचे मजले दिसत होते. मास्तरांच्या छातीला तारा चिकटवलेल्या होत्या आणि शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ चालू होती.

“या, इंजिनीअर. चहा मिळणार नाही. इथला चहा म्हणजे गरम पाण्याला टी-बॅग दाखवतात.”

“मी पिऊन आलोय.”

“खुर्ची ओढा. पहिला सामना म्हणजे वाघ-बकरीचा आहे. आपण बकरी.”

आम्ही आधी तीन सामन्यांचे संक्षिप्त चित्रीकरण पाहिले. मास्तरांच्या महाविद्यालयाचा सामना पूर्ण पाहायचा म्हणून शेवटी ठेवला होता. त्या आठवड्यात त्यांची गाठ एका अव्वल संघाशी होती.

पहिल्या सामन्यात बकरीने वाघ खाल्ला. ज्या संघाला हंगामात कोणी हरवले नव्हते, तो शेवटच्या किकवर हरला. समोरच्यांनी मारलेला चेंडू खांबाला लागून दोन खांबांमधून आत पडला. मास्तरांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. दुसऱ्या सामन्यात एका नामांकित संघाच्या खेळाडूंनी भर पावसात इतक्या वेळा चेंडू हातातून सोडला, की त्यांचा प्रशिक्षक अखेरीस मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. मास्तर हसले, पण थाप मारली नाही. तिसऱ्यातही तेच झाले. मोठी आघाडी घेऊन निर्धास्त झालेला संघ शेवटच्या पंधरा मिनिटांत पार मोडला. स्टेडियम भरलेले होते आणि आवाज नव्हता.

एका दिवसात तीन उलटफेर आम्ही कधी पाहिले नव्हते. मी मास्तरांकडे पाहिले. ते हिरव्या रेघेकडे पाहत होते.

“इंजिनीअर, माझ्या मुलीला सांगा, मी घरी येतो. गोळ्या घेईन.”

मी टॅबलेटचा आवाज कमी केला.

“तुम्ही ऐकलंत ना, सर्जन काय म्हणाले? बहुतेक सगळे घरी जातात. म्हणजे या सामन्यात मी बलाढ्य आहे. जन्मात पहिल्यांदा. आणि आज बलाढ्यांचं काय होतंय, ते बघताय तुम्ही.”

“मास्तर, हे तुम्ही बोलताय?”

“मीच बोलतोय.”

या माणसाने कधी मुहूर्त पाहिला नव्हता. मुलीचे लग्न अमावास्येला लावले होते, कारण त्या दिवशी हॉल रिकामा होता.

मी म्हणालो, “या शनिवारी तिथे पन्नास-साठ सामने झाले असतील. त्यांत तीन असे लागले. बाकी जसे लागायचे तसेच लागले. ते आपण पाहत नाही, इतकंच.”

“मला संभाव्यता शिकवू नका. मी रसायनशास्त्र शिकवलंय. या तिघांच्या घरच्यांनाही कोणीतरी हेच सांगितलं असेल.”

“कोणत्या तिघांच्या?”

“संघांच्या.” मग जरा थांबून म्हणाले, “आज डोकं चालत नाही माझं. भीती वाटते. बस.”

तेवढ्यात मुलगी आली. ती एका लॅबमध्ये काम करते. रविवारची शिफ्ट बदलून घेऊन आली होती. मास्तरांनी तिला स्वतःच सांगितले. तिने पिशवी खाली ठेवली.

“बाबा, नो. हे चालणार नाही. डॉक्टर म्हणाले ना, थांबलं तर कधीही अटॅक येऊ शकतो.”

“कधीही म्हणजे उद्याच असं नाही.”

“फुटबॉल बघून ठरवताय तुम्ही? सीरियसली?” ती माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही तरी सांगा. तुमचं ऐकतात ते.”

ते माझे ऐकत नसत. कोणाचेच ऐकत नसत. पण तिचा आवाज कापरा झाला होता, म्हणून मी ते बोललो नाही. तिची आई याच आजाराने गेली होती. तेव्हाही एक महिना थांबून बघू असेच ठरले होते.

मास्तर म्हणाले, “माझ्या कॉलेजचा सामना लावा. तो हरला, म्हणजे जसा हरायचा तसा हरला, तर मी थांबतो इथे.”

“आणि जिंकला तर?” मुलीने विचारले.

त्यांनी टॅबलेट माझ्याकडे सरकवला.

मुलगी मला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेली. तिच्या हातात फोन होता.

“काका, मी रिझल्ट बघते. हरले असतील तर लावू. जिंकले असतील तर सांगू, वाय-फाय गेलं.”

“नको.”

“का? तुमचा तो रूल? रूल गेला खड्ड्यात, काका.”

“नियमासाठी नाही. तुझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळेल. माझ्याही. मग ते कोणाचंच ऐकणार नाहीत, सर्जनचंही नाही.”

तिने फोन पर्समध्ये टाकला. ती रागावली होती. तिचा राग रास्त होता. आम्ही आत गेलो आणि मी सामना लावला.

मी अनेक सामने पाहिले आहेत. असा पाहिला नाही. मास्तरांनी त्या लहान महाविद्यालयाची जुनी टोपी पुण्याहून इथवर जपून आणली होती. ती पलंगाच्या कडेला होती. त्यांनी ती उशीखाली सारली आणि ते समोरच्या, बलाढ्य संघाच्या बाजूने बसले. आपल्याच मुलांनी चेंडू गमवावा म्हणून ते ओठ आवळून वाट पाहत होते. त्यांच्या मुलांनी तो गमावला नाही. मध्यंतराला ती पुढे होती.

मुलगी म्हणाली, “बंद करते मी.”

“हात लावू नकोस.”

उत्तरार्धात बलाढ्य संघाला जाग आली. बरोबरी झाली, मग तो पुढे गेला. मास्तरांचे खांदे सैल पडले. मुलीला खेळ कळत नव्हता, पण वडिलांचे खांदे कळत होते. तिने पिशवीतून डबा काढून मला एक लाडू दिला. मीही मनात हिशेब मिटवला. वेळ संपत आली होती आणि मास्तरांचा संघ चार गुणांनी मागे होता.

अगदी शेवटी त्या मुलांकडे पुन्हा चेंडू आला. ती धडपडत, पडत, घड्याळ थांबवत रेषेच्या जवळ पोहोचली. एकच प्रयत्न उरला होता. रेषा तीन यार्डांवर होती; ओलांडली तर सहा गुण. चेंडू फेकणाऱ्या पोराला फेकायला कोणीच मोकळे दिसेना. तो स्वतः धावला.

मास्तर ओरडले. बलाढ्य संघासाठी नव्हे. “पळ! अरे पळ, गाढवा, आत घुस!” असे ते ओरडले. हात उशीखाली गेला आणि टोपी बाहेर आली. पोरगा चार जणांच्या अंगाखाली रेषेवर पडला. शेजारच्या पडद्याने शिट्टी वाजवायला सुरुवात केली. नर्स धावत आली. केरळची मुलगी होती.

“अंकल, क्या हुआ? दर्द हो रहा है?”

“नहीं, बेटा. टचडाउन है शायद.”

“शायद?”

“अंपायर देख रहे हैं.”

तिने तारा तपासल्या, आवाज बंद केला, आणि पंच चित्रीकरण पुन्हा पाहत होते तोवर तीही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पंचाने दोन्ही हात वर केले. चेंडू रेषेपलीकडे होता. मास्तरांचे महाविद्यालय जिंकले होते.

ते टोपी छातीशी धरून बराच वेळ रडले. मुलगी त्यांच्या पायांशी बसली. नर्स निघून गेली.

मग त्यांना आठवले. ते मी पाहिले. चेहऱ्यावरून दिवा काढून नेल्यासारखे झाले.

“चार झाले, इंजिनीअर.”

“हो.”

“चारही बलाढ्य गेले.”

“गेले.”

“आता सांगा.”

मला धीर देता येत नाही. माझ्या मुलाने ही तक्रार अनेकदा केली आहे आणि ती खरी आहे. मी जे दिसत होते तेवढेच सांगितले.

“मास्तर, तुम्ही क्रमवारी चुकीची वाचलीत. तुम्हाला बलाढ्य म्हणालं कोण? चौऱ्याहत्तर वय. तीन नळ्या बंद. जिना चढताना दोनदा बसता. सर्जन बलाढ्य असतील. तुम्ही आहात खालचेच.”

मुलगी म्हणाली, “काका!”

“थांब.” मास्तर माझ्याकडे पाहत होते. “म्हणजे मी दुबळा.”

“नेहमीप्रमाणे.”

“आणि तुम्ही?”

“नियम आहे. मी तुमच्याच बाजूने बसणार. दुसरीकडे कुठे बसू?”

त्यांनी टोपी डोक्यावर घातली. ती थोडी घट्ट होत होती. “इंजिनीअर,” ते म्हणाले, “तुमच्याइतका कडू माणूस मी पाहिला नाही.” मग मुलीला म्हणाले, “लाडू आहे का अजून?”

“तुम्हाला नाही. साखर बघा तुमची.”

संध्याकाळी सर्जन आले. मास्तरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला: हरलात तर कसे हरता? सर्जनला प्रश्नाचा रोख कळला असावा, कारण त्यांनी घाई केली नाही. धोके कोणते, ते आल्यास काय करतात, हे खुर्चीवर बसून सांगितले. मास्तरांनी सगळे ऐकले आणि म्हणाले, “ओके. टुमॉरो.”

सोमवारी मी घरीच होतो. सून कामावर, नातवंडे शाळेत. मी मागचे गवत कापले. ते आधीच कापलेले होते. दुपारी मास्तरांच्या मुलीचा फोन आला. ऑपरेशन अपेक्षेप्रमाणे झाले, असे सर्जन म्हणाले होते. मी ‘बरं’ म्हणालो आणि फोन ठेवला. अपेक्षेप्रमाणे हा शब्द आमच्या गराजमध्ये शिवीसारखा वापरला जात असे. त्या दुपारी मी तो पुन्हा एकदा, एकटाच, मोठ्याने उच्चारला.

मास्तर घरी आले ते छातीशी उशी धरून. खोकला आला की ती घट्ट दाबायची, म्हणजे टाके ओढले जात नाहीत. पहिले दोन रविवार ते झोपून होते. तिसऱ्या रविवारी मला निरोप आला, गराज उघडले आहे. दारात जॅकरंडाची जांभळी फुले पडली होती. मुलीने ती झाडून एका बाजूला केली होती. खुर्च्या जागेवर होत्या.

त्या दिवशी त्यांच्या महाविद्यालयाचा सामना होता. त्या विजयानंतर त्यांचा संघ क्रमवारीत वर चढला होता, आणि समोरचा संघ त्याच्याहून खाली होता. असे यापूर्वी कधी झाले नव्हते. मी नियमाची आठवण करून दिली.

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले. “तुम्ही बसा त्या बाजूला. कोणीतरी बसायला हवंच. मला आज सूट द्या, मी आजारी माणूस आहे.”

मी माझी खुर्ची उचलून कपड्यांच्या स्टँडपलीकडे ठेवली. त्यांनी टोपी घातली आणि उशी छातीशी धरली. सामना सुरू झाला.

निकाल इथे लिहीत नाही. ज्याने तो सामना अजून पाहिला नसेल, त्याच्यासाठी आमचा पहिला नियम लागू आहे.