तांदळाचं व्हिनेगर आणि सोमवारचा काटा

शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याची टरफलं कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढीच साठतात. आमच्या गाळ्यावरच्या किश्श्यांचं तसंच आहे. यातले निम्मे नामदेवचे आहेत, आणि ते सांगताना माझ्या पोटात अजूनही दुखतं!

नामदेव केंदूरचा. तो आणि मी, दोघेही माल तोलणारे मापाडी. गाळा आणि आडत आबांची. दर सोमवारी पहिली गाडी लागण्याआधी लोखंडी वजनं ठेवून इलेक्ट्रॉनिक काटा तपासायचा. हे काम नामदेवचं. तपासून झालं की सगळ्यात आधी तो स्वतः काट्यावर उभा राहणार, उतरल्यावर पुन्हा कापड मारणार. फार टापटीप माणूस! मग आम्ही बाकीचे एकेक करून चढणार, आणि आबा प्रत्येकाचा आकडा लिलावासारखा पुकारणार.

दिवाळीत आम्ही दोघंही ब्याण्णव होतो. तेव्हा आमची दोस्ती घट्ट होती.

*

दिवाळीनंतर नामदेव एक बाटली घेऊन आला. त्याचा भाचा रांजणगावच्या एका कंपनीत आहे, तिथल्या परदेशी साहेबानं दिलेली.

"तांदूळ आंबवून केल्यालं व्हिनेगर हाय. जेवायच्या आधी पाण्यातनं दोन चमचे. चरबी निस्ती गळती!"

आबांनी बूच काढून वास घेतला आणि तोंड फिरवलं. "नामदेवा, माणूस पळून जाईल ह्या वासानं. चरबीचं काय घेऊन बसलास!"

पण पुढच्या सोमवारी आबांनीच पुकारलं, "नव्वद!" त्याच्या पुढच्या सोमवारी सत्त्याऐंशी. मग पंच्याऐंशी. आधी दोन, मग पाच, मग सात किलो कमी! शर्टही ढगळ दिसायला लागले. नवीनच होते सगळे.

मी जळलो. सरळच सांगतो, जळून कोळसा झालो.

*

घरीही सुख नाही. मेहुण्याचं लग्न खुटबावला ठरलेलं. माझ्या ब्लेझरचं बटण काही केल्या लागेना. बायको म्हणाली, "अहो, नामदेव भावजींना बघा जरा. माझ्या माहेरी सगळे विचारत्यात, तुम्ही त्यांचे थोरले भाऊ का म्हणून!"

नामदेव माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे!

*

मग मीही पुण्याहून तसलीच बाटली मागवली. गुपचूप. वडापाव खाल्ला की दोन चमचे. दुसरा खाल्ला की चार. महिनाभरात चौऱ्याण्णव!

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "थोडाफार उपयोग होतही असेल. पण खाणं कमी करून, चालून. वरून व्हिनेगर प्यायल्यानं पोटातला वडा नाहीसा होत नाही."

मी विचारलं, "मग नामदेवचं वजन कसं उतरलं?"

डॉक्टर म्हणाले, "त्यांना एकदा घेऊन या. मलाही बघायचंय."

*

लग्नाआधीचा शेवटचा सोमवार. बायकोला शब्द देऊन बसलो होतो की आज नामदेवच्या खाली येतो. नामदेव चहा आणायला गेलेला. मी म्हणालो, "आबा, आज काटा मी तपासतो."

रिकाम्या क्रेटचं वजन वजा करायला आमच्या काट्याला एक बटण आहे. मी दहा किलोचं वजन ठेवलं, बटण दाबलं, वजन उचललं आणि उणे दहाचा आकडा कुणाला दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला. आता काटा दहा किलो कमी दाखवणार. एवढं डोकं यार्डात आजवर कुणी चालवलं नसेल, असं मला वाटलं.

टॉवेल काढून काट्यावर चढलो. आबांनी पुकारलं, "चौऱ्याऐंशी!"

टाळ्या पडल्या. नामदेव चहाची किटली घेऊन दारातच थांबला होता. त्याचा चेहरा बघून मला इतका आनंद झाला की काटा पूर्ववत करायचं राहूनच गेलं. तेवढ्यात गाडी लागली आणि एका आजीबाईंची पहिली गोणी काट्यावर आली.

"चाळीस," मी म्हणालो.

"व्हय का?" आजीबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "घरून पन्नास किलो भरून निघालीया. वाटंत दहा किलो तू खाल्लास का रं?"

मापाडी म्हणून अठरा वर्षांत असा शब्द मी कधी ऐकला नव्हता.

आबांनी गोणी उतरवली, दहा किलोचं वजन उचलून काट्यावर ठेवलं. आकडा आला शून्य!

"बाळू," आबा म्हणाले, "व्हिनेगर काट्यालाच पाजलंस व्हय?"

काटा सरळ केला. आजीबाईंची गोणी पन्नास भरली. मी त्यांचे पाय धरले. "आदी तू चढ," त्या म्हणाल्या. चढलो. चौऱ्याण्णव! आजीबाईंनीच पुकारलं, ते पलीकडच्या गाळ्यापर्यंत गेलं.

मग आबा दाराकडं वळले. "नामदेवा, काटा आत्ता खरा हाय. ये, चढ."

नामदेवनं किटली खाली ठेवली. काट्याकडं बघितलं, दहा किलोच्या वजनाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आज न्हाई जमायचं आबा," तो म्हणाला. "माझा सोमवारचा उपास असतोय. उपासाला मी कवाच काट्यावर चढत न्हाई."