आत्या व्हिजिटर झाली तेव्हा

मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं त्याच सुमारास आम्ही बुवापाड्याची चाळ सोडून खरवईच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला आलो. मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते. वडिलांची मोठी बहीण, माझी आत्या, बुवापाड्यातच राहिली होती. ती पहिल्यांदा नवं घर बघायला आली, तेव्हा गेटवरच्या वॉचमनने तिच्या गळ्यात एक कार्ड अडकवलं. त्यावर ‘व्हिजिटर’ असं लिहिलं होतं. याचा अर्थ काय, असं तिने विचारलं. पाहुणा, मी सांगितलं. आत्या एवढी खूश झाली की जेवायला बसतानाही तिने ते कार्ड काढलं नाही.

मग मलाच राहवेना. नुकतंच शिकलेलं ज्ञान मी पाजळलं. पाहुण्याला खरा शब्द गेस्ट. व्हिजिटर म्हणजे नुसता येऊन जाणारा, कोणीही, मीटर बघायला येतो तोसुद्धा. ज्याला बसवून खाऊपिऊ घालतो, तो गेस्ट.

आत्याचा घास हातातच राहिला. “म्हणजे मी आणि मीटरवाला एकच?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघून भात कालवू लागले.

आत्या आठवडाभर राहिली आणि दाराशी येणाऱ्या प्रत्येकाचा निवाडा करू लागली. गॅसवाल्याला तिने खुर्चीत बसवून चहा पाजला आणि हा आता गेस्ट झाला, असं जाहीर केलं. त्याला काही कळलं नाही, पण दुसरा कप मात्र त्याने घेतला.

शनिवारी खालच्या मजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी आले. आत्याने वाळत घातलेली गोधडी त्यांच्या गॅलरीत टपकत होती. आत्याने त्यांना उंबऱ्याबाहेरच उभं ठेवून सगळं ऐकून घेतलं आणि तुम्ही व्हिजिटर आहात म्हणून सांगितलं. वडील आतून धावत आले. पण सेक्रेटरी चिडले नाहीत. गेस्ट व्हायला काय करावं लागतं, असं त्यांनी विचारलं.

“चप्पल काढा, आत बसा. गोधडीचं मग बघू.”

ते बसले. आत्याने सुकटीची चटणी आणि भाकरी पुढे ठेवली. आमच्या घरी सुकट चालत नाही, म्हणत त्यांनी दोन भाकऱ्या संपवल्या. गोधडीचा विषय निघालाच नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या गेली. सेक्रेटरी मात्र दर रविवारी यायला लागले. आई भाकरी थापता थापता मला विचारायची, गेस्टच्या पुढचा काही शब्द आहे का गं इंग्रजीत?