सरूबाईची तक्रार निकाली निघाली ती गोष्ट

वडवणीच्या पुढं, रस्ता सोडून आत गेलं की सरूबाईचं घर. बाई साठी ओलांडलेली, जन्म दुसऱ्यांच्या रानात खुरपण्यात गेलेला. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत, तीही अधूनमधून. पण नात पंचशीला सातवीला होती आणि वर्गात पहिली यायची, म्हणून गावातनं चालताना सरूबाईची मान जरा जास्तच ताठ. लेक प्रवीण आणि सून दसरा झाला की ऊसतोडीला जायची. नात शाळेसाठी आजीपाशी राहायची. हा ठराव सरूबाईनंच भांडून करून घेतलेला.

त्या साली पोळ्याच्या सुमाराला पोरगी शाळेला जाईना. ताप नाही, पोटदुखी नाही. तिसऱ्या दिवशी आजीनं डोक्याला तेल लावायला पुढ्यात बसवलं, तेव्हा कुठं तोंड उघडलं. हेडमास्तर मोहनराव रोज प्रार्थना झाली की शाळेचं संडास धुवायला पोरी पाठवायचे. आणि रोज पाठवायचे त्या फक्त बौद्धवाड्यातल्या.

सरूबाई तशीच तेलकट हातानं शाळेत गेली.

"गुरुजी, संडास धुवायला माझीच नात कावून?"

"आजी, हे स्वच्छतेचं शिक्षण हाय. लई मोठ्या माणसांनी केलंय हे काम."

"मंग तुमची विजयमाला बी त्याच वर्गात हाय की. लेकीला कावून अडाणी ठेवता?"

मोहनरावांनी घंटा द्यायला सांगितली.

शेजारची राजश्री अंगणवाडीत मदतनीस. ती म्हणाली, "आत्या, लेकरांच्या हक्काचा आयोग असतो. तिथं वकील लागत न्हाई, मोबाईलवरनं तक्रार करता येते." दोघींनी बसून केली. तक्रारीचा नंबर आला, तो सरूबाईनं बाबासाहेबांच्या फोटोखाली भिंतीवर खडूनं लिहून घेतला.

प्रवीण म्हणाला, "आई, दसऱ्यापस्तोर वाट बघतो. पोरगी शाळेत गेली तर ठीक, न्हाई तर टोळीसंगं नेतो. घरी बसवून काय करू?"

आता आयोगाचं काम बघा. आयोगानं कागद जिल्ह्याला धाडला. जिल्ह्यानं तालुक्याला, तालुक्यानं केंद्रशाळेला, आणि केंद्रशाळेनं मोहनरावांना, की आपला अहवाल द्यावा. ज्याच्यावर तक्रार, त्यालाच विचारलं, बाबा, तू असं केलंस का? त्यानं सुंदर अक्षरात लिहून दिलं, नाही. वर कागदासोबत सरूबाईचं आणि पोरीचं नावही आलं, ते संध्याकाळच्या आत गावभर झालं. दुकानदार सुटं नाही म्हणायला लागला. राजश्रीनं फोन करकरून आयोगाला वीट आणला, तेव्हा दसऱ्याच्या चार दिवस आधी एक साहेब आणि एक मॅडम जीपनं आले.

त्या दिवशी मोहनरावांनी सकाळीच निरोप धाडला, पंचशीलेला पाठवा, आयोगाला तिला बघायचंय. सरूबाईनं वेणी घालून, नवी रिबन बांधून पाठवली. मागनं ती स्वतः शाळेत पोचली तेव्हा पाहुणे टॉवेल टाकलेल्या खुर्च्यांवर बसून चहात बिस्किटं बुडवत होते. मग उठून संडास बघून आले. "छान ठेवलंय," मॅडम म्हणाल्या. मोहनराव लाजले.

पंचशीलेला आत बोलावलं. मोहनराव शेजारीच उभे.

"बाळा, घाबरू नको. इथं तुला काही त्रास आहे का?"

पोरगी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिली. मॅडमनं लिहिलं, मुलीची तक्रार नाही.

सरूबाई दारातनं सरळ आत गेली. नातीचा हात धरला आणि साहेबाच्या नाकापाशी नेला.

"हुंगा."

"अहो आजी, हे काय?"

"फिनेल हाय. आज सकाळचं. तुमी येणार म्हणून हिच्याकडूनच धुऊन घेतलंय."

साहेबानं मान मागं घेतली आणि नाकाला रुमाल लावला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही हे लेखी द्या."

"देते की. सायबानं रुमाल कावून लावला, ते बी लिहू का?"

जीप गेली. दसरा झाला. पंचशीला त्या शाळेत पाऊल टाकायला तयार नव्हती, आणि तिला ढकलायची सरूबाईची छाती झाली नाही. टोळी निघाली. भांड्याकुंड्यांवर बसून पोरगी ट्रॅक्टरमधनं गेली, दप्तर मांडीवर घेऊन.

दिवाळीनंतर आयोगाचा कागद आला. राजश्रीनं वाचला. सदर विद्यार्थिनी आता शाळेत येत नसल्यामुळे तिला त्रास होण्याचा प्रश्न उद्भवत नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. राजश्रीनं दोनदा वाचला, कारण सरूबाईला वाटलं, तिनं मधलं काही गाळलं असेल.

त्याच आठवड्यात फोन आला. पलीकडं माणूस नव्हतंच, नुसता आवाज. आपण आमच्या कामावर समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. सरूबाईनं दोन दाबला. आवाज धन्यवाद म्हणाला आणि गप झाला. कावून म्हणून विचारतील, असं वाटून बाई बराच वेळ फोन कानाला लावून उभी राहिली. मग अंगणात थुंकली.

"राजश्री, कारखान्याकडं जाणारी येष्टी कवा हाय?"

"सकाळी सातला. कावून आत्या?"

"पोरीला आणते. तेलगावला माझ्या भनीकडं ठिवते, तिथल्या शाळंत घालते."

"अन् दाखला? मोहनराव देतील व्हय सुखासुखी?"

"त्याच्या हापिसात चहाबिस्किटं खाऊन लोक बसतेत," सरूबाई पिशवीत लुगडं कोंबत म्हणाली, "मी भाकर बांधून जाईन. दाखला हातात पडंपस्तोर उठत न्हाई."