शब्दकोशात शिवलेली पावती

बाइंडरबाईंच्या हाताला एक खोड होती. टेबलावर जो कागद दिसेल तो गठ्ठ्यात घालायचा, शिवायचा आणि मोकळं व्हायचं. चाळीस वर्षं पुस्तकं बांधून बोटं नुसती पळायची, पण बोटांना वाचता कुठे येतं!

त्या दुपारी एक जाडजूड शब्दकोश पुन्हा बांधायला आला. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनीच शिवलेला. दोरा कापला, पानं सुटली आणि मधून एक पिवळट पावती निघाली. 'मेंडोलिन एक, मान तडकलेली.' खाली दादाची सही. मागे शिक्का: पुढच्या महिन्यापासून दुकानाचा नवा पत्ता.

बाई पावती हातात घेऊन स्टुलावर बसल्या.

मेंडोलिन आजोबांचं, मग वडिलांचं, मग दादाचं. ते दिसेना तेव्हा दादा जीव तोडून सांगत होता, "अगं, दुरुस्तीला टाकलंय, पावती तुझ्याच टेबलावर ठेवली होती!" दुरुस्तीवाला तर गाशा गुंडाळून गेलेला, कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि बाई फटकन बोलून गेल्या, "विकून खाल्लंस, वर माझ्यावर ढकलतोस?" दादा तेव्हा जो गेला, तो पुन्हा आलाच नाही.

बाईंनी तडक शिक्क्यावरच्या पत्त्याची बस पकडली. काचेबाहेर घरं, झाडं संथ सरकत होती आणि बाईंना वाटत होतं, आपण मागची पानं उलटत चाललोय. वडील वाजवतायत, दादा त्यांच्या बोटांकडे टक लावून बसलाय, आपण त्याच्या मांडीवर पेंगतोय. उतरायचा थांबा मागे पडला, तेव्हा कुठे त्या भानावर आल्या.

दुकानातल्या म्हाताऱ्या कारागिराने पावती डोळ्यांशी धरली. "आलात होय! काम केव्हाच झालंय तुमचं." त्याने वरच्या फळीवरून कापडात गुंडाळलेलं मेंडोलिन काढलं. वडिलांच्या अंगठीचे चरे जसेच्या तसे होते. बाईंना रडूच फुटलं.

दादाचा नंबर पाठ होता, लावला मात्र कधीच नव्हता. आज दुकानातूनच लावला.

"दादा, पावती सापडली. मीच शिवून टाकली होती रे पुस्तकात. चुकलं माझं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"समोर आहे?"

"हो."

"छेड बघू."

बाईंना कुठे वाजवता येतंय! त्यांनी भीत भीत तारांवरून अंगठा फिरवला.

"तारांची दुसरी जोडी उतरलीय," दादा म्हणाला. "कुणाला हात लावू देऊ नकोस. घरी घेऊन जा. मी येतो लावायला."