मिस्त्रींचे दोन शिकंजे

मी कुणाची चुगली करत नाही. माझा तो स्वभावच नाही. डोळ्यांना दिसतं, कानांवर पडतं, आणि पोटात ठेवलं की मला अपचन होतं, म्हणून चार माणसांना सांगतो, एवढंच. पण मिस्त्रींच्या बाबतीत माझं तोंड जरा लवकर सुटलं आणि त्या भल्या माणसामागे चर्चचं अख्खं पंचमंडळ लागलं. तेव्हा झालं ते नीट सांगून टाकणं मला भाग आहे.

मिस्त्री म्हणजे मोडक्या फर्निचरचे डॉक्टर. बाजारामागच्या गल्लीत त्यांचं दुकान. दार उघडलं की आधी सरसाचा, म्हणजे लाकूड चिकटवायच्या डिंकाचा, वास येतो आणि मग मिस्त्री दिसतात. बुटकी मूर्ती, जाड भुवया, कानावर पेन्सिल. बोलणं इतकं कमी की दोघांच्या वाटचं बोलायचा मक्ता मिस्त्रीणबाईंनी घेतलेला. त्या म्हणतात, “लग्नात पाळकांनी विचारलं तेव्हा ‘होय’ म्हणाले. ते शेवटचं. छत्तीस वर्षं झाली, नुसती मान हलतेय.”

अशा माणसाच्या गळ्यात चर्चचा तरुण संघ पडला कसा, ते ऐका.

आमचे पाळक चाळिशीचे, उत्साही आणि मनातून पोरांना घाबरणारे. तरुण संघ वाढावा म्हणून त्यांनी काय नाही केलं? रंगीत पत्रकं लावली. प्रश्नमंजुषा घेतल्या. गिटार विकत घेतली आणि स्वतःच शिकायला लागले. त्यानंतर हॉलमधलं मांजर जे गेलं ते आजतागायत परतलेलं नाही. एवढं करून शनिवारी चार वाजता पोरं किती? तीन. त्यातली दोन त्यांची स्वतःची, तेरा वर्षांचे जुळे, म्हणजे त्यांना सुटका नव्हती. तिसरी शिट्टी.

शिट्टी पंधरा वर्षांची. पुढच्या दोन दातांत फट, त्यामुळे रागावली की शब्दाआधी शिट्टी बाहेर पडे, आणि ती कायमच रागावलेली असे. आईची शनिवारी दुपारची पाळी, घराला कुलूप, म्हणून ही हॉलमध्ये. पाळक त्या तिघांना गोल बसवून प्रेमाने विचारत, “बोला, आज तुमच्या मनात काय आहे?” मनात काय असणार! दार किती पावलांवर आहे, हे.

आता खुर्च्यांकडे येतो. आमच्या चर्चमध्ये बाकं नाहीत, साठ लाकडी खुर्च्या आहेत. रविवारी उपासनेला चर्चमध्ये लावायच्या, एरवी मागच्या हॉलमध्ये. त्यातल्या चौतीस डुगडुगत होत्या. प्रार्थना संपायच्या आत त्याच ‘आमेन’ म्हणून मोकळ्या व्हायच्या. पाळकांनी मिस्त्रींना गळ घातली, मिस्त्रींनी मान हलवली, आणि एका शनिवारी ते सरसाचं भांडं, मोगरी आणि दोन शिकंजे घेऊन हजर झाले. शिकंजा म्हणजे सरस वाळेपर्यंत लाकूड आवळून धरणारा लोखंडी चिमटा. खुर्चीला सांधे आठ, शिकंजे दोन. उरलेले सहा हातांनीच धरायचे.

“ए, इकडे ये,” मिस्त्री शिट्टीला म्हणाले. “हे धर.”

“किती वेळ?”

“वीस मिनिटं.”

“वीस?” शिट्टी वाजलीच. “आणि सोडलं तर?”

“पहिल्यापासून.”

गीतपुस्तकं लावायचं काम माझ्याकडे असतं, म्हणून मी कोपऱ्यातून सगळं पाहत होतो. पोरीचे दोन्ही हात अडकलेले, फोन खिशात, नजर सांध्यावर. कुणी तोंडाकडे बघत नाही, कुणी काही विचारत नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अकराव्या मिनिटाला ती पोरगी खुर्चीच्या पायाला उद्देशून म्हणाली, “माझे पप्पा परत येणार नाहीयेत.”

मिस्त्रींनी शेजारचा पाय धरला होता. “हं,” ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “कधी कळलं तुला?”

“मंगळवारी. आईला माहितीय की मला माहितीय. पण आम्ही बोलत नाही.”

“हं. जेवलीस का आज?”

“नाही.”

वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी आपला डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. उपदेश नाही, बायबलचं वचन नाही. तिने डबा पुसून पुसून संपवला. मिस्त्रीणबाई रात्री मला म्हणाल्या (म्हणजे त्या माझ्या बहिणीला म्हणाल्या, मी तिथे होतो), “इतक्या वर्षांत पहिल्यांदा डबा धुतल्यासारखा परत आला. मला वाटलं, यांना माझा स्वयंपाक आवडला!”

पुढच्या शनिवारी शिट्टीने खांबाला आणलं. खांब तिच्या वर्गातला, सहा फूट उंच, स्वतःच्या उंचीला लाजून वाकून चालणारा. मग आणखी दोघी. मिस्त्रींचा एक नियम होता: ज्याने खुर्ची जोडली त्याने बैठकीच्या खाली पेन्सिलीने आपलं नाव आणि तारीख घालायची. त्याचा परिणाम भलताच झाला. पोरं रविवारी उपासनेला यायला लागली! देवाचं मला माहीत नाही, पण आपल्या खुर्चीवर कोण बसतंय ते बघायला. एकदा ऐन उपदेशात मागून कुजबुज आली, “अरे, पेटीवाल्या काकू माझ्या खुर्चीवर बसल्या. टिकली!” पेटीवाल्या काकूंचा आकार ज्याने पाहिलाय त्याला त्या पोराचा अभिमान कळेल.

मिस्त्री एवढ्यावर थांबले नाहीत. खांबाचा फुटबॉलचा सामना होता, तिकडे हे दुकान बंद करून गेले. पोरं सात-शून्यने हरली. शनिवारी सरस ढवळताना एवढंच म्हणाले, “सातवा तुझ्यामुळे नव्हता.” खांब त्या दिवसापासून थोडा सरळ चालतो.

मी एकदा मिस्त्रीणबाईंना विचारलं, ह्यांना हे सुचलं कुठून? एरवी तोंडाचा पट्टा चालणारी बाई एकदम मऊ झाली. “आमच्या मुलामुळे. सोळाव्या वर्षी तो गप्प झाला. हे त्याला रोज समोर बसवायचे, डोळ्यांत डोळे घालून म्हणायचे, ‘बोल.’ तो आणखी मिटायचा. आता दूर असतो. रविवारी फोन करतो. तिकडे थंडी किती, इकडे ऊन किती. संपलं. मागे एकदा हे म्हणाले, ‘त्याला शेजारी बसवून एक स्टूल जोडायला दिलं असतं तर.’ बस, तेवढंच म्हणाले.”

आठ महिन्यांत पोरं चौदा झाली. आणि चौतीस खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. तरी दर शनिवारी दोन-चार डुगडुगत्या निघतच होत्या. मला शंका आली. एका शनिवारी मी दुपारी दोनलाच हॉलमध्ये गेलो. मिस्त्री एकटेच, किटली वाफाळतेय, खुर्चीच्या सांध्यावर गरम ओलं फडकं गुंडाळलेलं.

“मिस्त्री, हे काय चाललंय?”

“उघडतोय.”

“नीट असलेली खुर्ची?”

“सरस आहे. वाफेने सुटतो. लाकडाला काही होत नाही.”

“अहो, पण का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच सुटलेला सांधा. “काम संपलं की पोरं कशाला येतील?” मग मोगरीने हळूच ठोकून पाय मोकळा केला आणि म्हणाले, “पण एक गंमत आहे. मागच्या शनिवारी मी दोन उघडल्या. जोडायला चार निघाल्या.” त्यांनी एक खुर्ची उलटी करून दाखवली. सांध्याभोवती ओल्या फडक्याचा पांढरट डाग, खाली पेन्सिलीने शिट्टीचं नाव. “ही मी उघडलेली नाही. लाकडाला ओरखडासुद्धा नाही. छान उघडलीय पोरीने.” आणि मिस्त्री हसले. दात दाखवून! ते मी पहिल्यांदाच पाहिलं.

म्हणजे हे पोरांसाठी खुर्च्या उघडत होते, पोरं ह्यांच्यासाठी उघडत होती, आणि दोन्ही बाजू एकमेकांना एका शब्दाने बोलत नव्हत्या. इतकी झकास गोष्ट, आणि मिस्त्री मला म्हणतात, “कुठे बोलू नका.” मी कुठेही बोललो नाही. फक्त ताईला सांगितलं. आणि माझ्या बहिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला सत्तर वर्षं माहीत आहे.

त्यात दुर्दैव असं, की एका शनिवारी कुणीतरी घाईत एक खुर्ची उघडली आणि बाजूला ठेवायची राहिली. रविवारी ती पहिल्या रांगेत लागली, आणि तिच्यावर बसले पंचमंडळाचे चिटणीस. चिटणीस वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, आता आम्हाला तपासतात. पाळक म्हणाले, “आपण विनम्र होऊ या,” आणि चिटणीस खरोखरच सावकाश, लिफ्टसारखे खाली गेले. लागलं काही नाही. पण मागून एक शिट्टी आली, आणि तिच्यामागून चौदा पोरांचं हसू.

मंगळवारी संध्याकाळी पंचमंडळ बसलं. चिटणिसांनी साठही खुर्च्या उलट्या करून खालची नावं मोजली होती. “खुर्च्या साठ. दुरुस्त्या एक्काहत्तर! त्यातल्या चौतीस खऱ्या. उरलेल्या सदतीस कुठून आल्या? एक तर मिस्त्रींना काम येत नाही, नाहीतर कानावर आलंय तसं,” इथे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे, “कुणीतरी मुद्दाम मोडतंय. मुलं मोडत असतील तर शनिवारचा हॉल बंद. लाकडी खुर्च्या काढून टाकू. माझा मेव्हणा प्लास्टिकच्या देतोय.”

मिस्त्री उभे राहिले. टोपी हातात. “माझं काम कच्चं झालं,” ते म्हणाले.

अडतीस वर्षांत ह्या माणसाने जोडलेलं टेबल परत आलेलं नाही, आणि चार माणसांसमोर हा म्हणतो, काम कच्चं! मी तोंड उघडणार, एवढ्यात दाराशी शिट्टी वाजली.

“खोटं बोलतायत मिस्त्रीमामा!” पोरगी तीरासारखी आत आली. “काम कच्चं नाहीये. ती खुर्ची मी उघडली. वीस मिनिटं वाफ द्यावी लागली, तेव्हा हलली. कच्चं म्हणे!”

“तू एकटीनेच?” चिटणीस.

“मी चुगली करत नाही,” शिट्टी म्हणाली. तिच्यामागे खिडकीत तेरा डोकी होती, ती एकदम खाली गेली. त्यातली दोन अगदी सारखी होती, ते पाळकांनी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

“तेवीस मी उघडल्या,” मिस्त्री म्हणाले.

शिट्टीने झटकन वळून पाहिलं. “तुम्ही?”

“हं.”

“तुम्ही का?”

“तू का?”

मग ती चिटणिसांना म्हणाली, आणि ह्या वेळी शिट्टी वाजली नाही, “खुर्च्या संपल्या असत्या ना.”

चिटणीस बराच वेळ कागदावरचा आकडा बघत राहिले. वजनाचा माणूस, न मोजता येणारं काही समोर आलं की गडबडतो. शेवटी निकाल दिला: खुर्च्या राहतील, हॉलही उघडा राहील, पण एकही खुर्ची उघडायची नाही. आणि गुरुवारी दिवसभर राबून त्यांनी साठ खुर्च्यांना दोरा आणि लाखेचं सील ठोकलं, काट्यांना ठोकायचे तसं. शनिवारी चारला येऊन तपासणार म्हणाले.

त्या शनिवारी मिस्त्री घरातून निघताना मिस्त्रीणबाईंनी विचारलं, “आज काय घेऊन जाताय? जोडायला तर काही नाही.” मिस्त्रींनी सवयीने सरसाचं भांडं उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. हॉलमध्ये येऊन बसले. रिकामे हात गुडघ्यांवर. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. चार वाजले. चार पाच. चार दहा. चिटणीस आले, सील तपासायला लागले. मिस्त्री दाराकडे बघत नव्हते, म्हणजे दाराकडेच बघत होते.

सव्वाचारला काहीतरी फरफटत येण्याचा आवाज आला. शिट्टी. पाठीवर स्वयंपाकघरातलं स्टूल, एक पाय काखेत. तिच्यामागे खांब, डोक्यावर टीपॉय. मग जुळे, दोघांच्यात टेबलाचा एक खण, तळ निखळलेला.

“याला सील नाही,” शिट्टी म्हणाली.

मिस्त्रींनी स्टुलाचा सांधा बोटाने चाचपला. वाफेने अजून ओलसर होता. “हे कधी मोडलं?”

“आज सकाळी.”

“आईला माहितीय?”

“माहितीय. तिनेच किटली धरली.” मग काखेतला पाय पुढे करत, “बोललो आम्ही. तेवढ्या वेळात.”

मिस्त्रींनी मान खाली घातली आणि सरस ढवळायला घेतला. सरस अजून थंडच होता, तरी ढवळत राहिले. एकेक करत चौदाही आली. सगळ्यांचे हात अडकले, तरी टीपॉयचा एक पाय उरला. मिस्त्रींनी इकडे तिकडे पाहिलं. “चिटणीस, हे धरा.”

“मी?”

“वीस मिनिटं.”

चिटणीस खाली बसले. पाय धरला. दहाएक मिनिटांनी म्हणाले, “मिस्त्री, तुमच्याकडे शिकंजे दोनच का हो? चांगले डझनभर आणले तर इतक्या माणसांना ताटकळावं लागणार नाही.”

“दोनच आहेत,” मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या दुकानात, सरसाच्या फळीवरच्या भिंतीला, ओळीने अकरा शिकंजे टांगलेले आहेत. मी स्वतः मोजलेत. जीभ शिवशिवत होती. पण तेवढ्यात चिटणीस टीपॉयच्या पायाकडे बघत, कुणालाच नाही असं, म्हणाले, “माझा नातू आहे. सोळाचा. माझ्याशी बोलत नाही,” आणि शेजारी खांब होता, तो म्हणाला, “हं. अंगठा जरा वर घ्या, आजोबा.”

मी गीतपुस्तकं लावत राहिलो. अकरा शिकंज्यांचं मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. ताईलासुद्धा नाही.