कोऱ्या नळीतली रेघ

अगारोजची पूड पाण्यात उकळू लागली की खळीसारखा वास येतो. सुती लुगड्यांना घालायला आई ढवळायची, त्या खळीसारखा, कोमट आणि किंचित ओशट. वर्ध्याच्या एका रुग्णालयातल्या प्रयोगशाळेत त्या वासात माझी कितीतरी वर्षं गेली. पूड वितळवायची, साच्यात ओतायची, गोठली की तिच्या खाचांत यंत्रानं लाखो पटींनी वाढवलेला डीएनए भरायचा आणि विजेच्या ओढीनं त्याला चालू द्यायचं. लहान तुकडे खाली दूरवर जातात, मोठे वर थबकतात. निरोगी जनुकाला एक विकर, म्हणजे एन्झाइम, नेमक्या जागी कापतं. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या जनुकात ती जागाच उरलेली नसते. म्हणून खालच्या रेघा निरोगी जनुकाच्या, वरची आजाराच्या. दोन्ही उमटल्या तर बाळ नुसतं वाहक, खेळायला-बागडायला मोकळं. वरची एकटीच उमटली, तर त्याला आजार.

त्या मे महिन्यात आंजीहून एक गर्भवती आली होती. ती आणि तिचा नवरा, दोघंही वाहक. थोरली मुलगी आजारी. थंडी पडली की तिचे हातपाय सुजत, ठणकत. या खेपेला गर्भाच्या वारेचा कण आदल्या दिवशी काढला होता, आणि निकाल ऐकल्याशिवाय घरी जायचं नाही म्हणून ती सकाळपासून सासूसोबत आमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होती.

व्हरांड्यात झळा येत होत्या. तिच्या ओठांना कोरड पडलेली मला काचेतून दिसत होती. नळ्या उघड्या असताना वारा चालू ठेवायचा नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. मी दार उघडलं आणि कूलर तिच्या दिशेनं वळवून लावला. वाळ्याचा ओला गारवा टेबलावरून वाहत बाहेर गेला. त्याच टेबलावर तिच्या रक्ताची नळी उघडी होती, आणि शेजारी तिच्या बाळाची.

दुपारी सासूनं आत डोकावून विचारलं, "काऊन वं बाई, काय शिजून राह्यलं आत? आमच्या कुकरले तरी शिट्टी होते."

"आई, चुप राहा नं," सून म्हणाली. पण तीही हसली.

"काऊन चुप राहू? दोन भाकरीचं पीठ मळून होते, तरी यायची मशीन फिरूनच राह्यली."

संध्याकाळी मी तो गोठलेला चौकोन दिव्यावर ठेवला. बाळाच्या घरात, म्हणजे त्याच्या खाचेखालच्या पट्टीत, वरची रेघ ठळक होती आणि खाली, फिकट का होईना, दुसऱ्या रेघा होत्या. वाहक! निकाल सांगणं हे डॉक्टरीणबाईंचं काम, माझं नव्हे. तरीही मी दारात गेले आणि मान डोलावली. सासूनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. सुनेनं पदर तोंडाशी धरला.

आत येऊन मी शेवटचं घर पाहिलं. प्रत्येक खेपेला एक नळी कोरी ठेवतात: तीत सगळी रसायनं असतात, फक्त कुणाचाही डीएनए नसतो. तिच्या घरात काळोखच हवा. तिथे धुरासारख्या रेघा होत्या, वर एक आणि खाली त्याच फिकट. कुणाचा तरी डीएनए उडून तिथवर पोचला होता. बाळाच्या घरातल्या खालच्या रेघा बाळाच्याच, की आईच्या?

मी पुन्हा बाहेर गेले. "आज काही नक्की सांगता येत नाही," मी म्हणाले. "तपासणी पुन्हा करावी लागेल. माझ्याकडून चूक झाली."

"आत्ता तं हो म्हनल्या तुम्ही!" सासूचा आवाज चिरला. "आमी मानसं हावो बाई, तुमच्या नळ्या नाई." सुनेनं तिचा हात घट्ट धरला आणि दोघी आंजीच्या शेवटच्या गाडीसाठी निघाल्या.

वारेचा थोडा कण उरला होता, एकाच खेपेपुरता. दुसऱ्या दिवशी मी कूलर बंद ठेवला, खिडक्या लावल्या, टेबल दोनदा पुसलं, आईच्या रक्ताची नळी दुसऱ्या खोलीत उघडली. घाम हातमोज्यांत साचत होता. संध्याकाळी कोरं घर काळोखं राहिलं. बाळाच्या घरात एकच रेघ होती, वरची.

त्यानंतरच्या सकाळी डॉक्टरीणबाईंनी आंजीहून परतलेल्या सासू-सुनेला आत बसवून सारं समजावलं: आजार कसा असतो, उपचार कोणते, गर्भ ठेवायचा की नाही हे ठरवायला दिवस किती. मी भिंतीशी उभी होते. बाहेर आल्यावर सासू नळाकडे गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली. सून एकटीच बाकावर टेकली. मी तिच्यासमोर जाऊन सगळं सांगितलं, कूलर मी का लावला तेही. तुम्हाला ऊन लागू नये म्हणून, हे शब्द उच्चारताच मला ते लाजिरवाणे वाटले. जणू मी माझी चूक तिच्याच ओटीत टाकत होते.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग तिनं पोटाशी धरलेली पिशवी उचलून खाली ठेवली, बाकावर थोडी सरकली आणि म्हणाली,

"बसा."