बास्केटखालची डावी जागा

माझी मुलगी सहा फुटांना जेमतेम दोन बोटं कमी आहे. कोलकात्यातल्या आम्हा मराठी बायकांच्या हळदीकुंकवाला हा विषय वाणाच्या आधी निघतो. "हिला नवरा कुठून आणणार गं?" असं कोणी विचारलं की पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचे. आता विचारणारीकडे नुसती बघते.

कॉलेजात मात्र त्याच उंचीचं कोण कौतुक! मुलींच्या बास्केटबॉलमध्ये ते कॉलेज वर्षानुवर्षं जिंकत आलंय. हरणं कसं असतं हे तिथल्या पोरींना ऐकूनच माहीत. आणि कॉलेजात गेल्यापासून या सगळ्या जिंकण्याच्या मधोमध माझी मुलगी उभी होती. सेंटर म्हणून, बास्केटच्या डाव्या बाजूला.

तिच्या सरांची एक पद्धत होती. सराव सुरू करताना प्रत्येकीने तिच्याकडे न बघता चेंडू तिच्या हातात पोचवायचा. बघितलं की समोरच्या संघालाही कळतं, असं त्यांचं म्हणणं. कधीकधी तर ते पोरींच्या डोळ्यांवर गमछा बांधायचे. ही डावीकडे हात उंच करून उभी राहायची आणि चेंडू बरोबर तिच्या पंजात यायचा. कडेच्या बाकावर बसून मी ते पाहायचे. खोटं कशाला बोलू, ऊर भरून यायचा.

या हिवाळ्यात तिचा गुडघा सुजला. तिने अवाक्षर काढलं नाही. कठड्याला धरून जिना चढायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट अर्धं फाटलंय, काही महिने उडी मारायची नाही. आत्ताच खेळली तर पुन्हा कधी खेळेल याची खात्री नाही. आणि अंतिम सामना तोंडावर आला होता.

तिचे बाबा बँकेच्या बदलीवर पाटण्याला. "तू समजाव तिला," एवढं फोनवर सांगून ते मोकळे झाले.

"मी नसले तर त्या हरतील, आई."

"हरू देत की. पाय तुझा आहे."

"तुला नाही कळत. तिथे दुसरं कोणी नाहीच आहे."

मग सर घरी आले. चहा घेतला, बिस्किट बुडवलं आणि मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत हिंदीत बोलू लागले. "बौदी, दौड़ना नहीं पड़ेगा. बस खड़ी रहेगी. उसको देखके ही सामनेवाले डर जाते हैं."

माझं डोकं सणकलं. रागात मला मराठीशिवाय दुसरी भाषा सुचत नाही. "माझी मुलगी म्हणजे काय शेतातलं बुजगावणं वाटलं का तुम्हाला?" मी ओरडले. सरांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी कप खाली ठेवला. शब्द कळले ते हिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या गुडघ्याकडे, आणि बंगालीत सरांना सांगितलं की ती खेळणार नाही. त्यानंतर सामन्यापर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

सामन्याला मात्र जायचंच म्हणाली. एस्प्लनेडला मेट्रोतून उतरून आम्ही हळूहळू चालत मैदानावर पोचलो. ती संघाचा शर्ट घालून बाकावर बसली. तिच्या जागी पहिल्या वर्षाची एक पोर उभी होती, हिच्या खांद्याला लागेल एवढी.

पहिला अर्धा डाव बघवत नव्हता. पोरी शिकवल्याप्रमाणे, न बघता, चेंडू डावीकडे टाकत होत्या. माझ्या मुलीचे हात जिथे असायचे तिथे. चेंडू त्या बिचारीच्या डोक्यावरून जाऊन रेषेबाहेर पडायचा. पुन्हा तेच, पुन्हा तेच. समोरच्या पोरी हसायला लागल्या. मला, खरं सांगते, बरं वाटत होतं. हरू देत, म्हणजे हिची किंमत कळेल सगळ्यांना.

ही आधी मान खाली घालून बसली होती. मग एकदम उठली आणि एका पायावर भार देऊन ओरडली, "आमि नेई! ओखाने आमि नेई!" मी नाहीये तिथे. दर वेळी चेंडू बाहेर गेला की ओरडायची. प्रेक्षक खेळ सोडून तिच्याकडे पाहू लागले. तिचा आवाज चिरकत होता. तिला ओढून खाली बसवावं असं मला वाटत होतं, तिच्या तोंडून ते वाक्य मला ऐकवत नव्हतं.

मध्यंतरानंतर पोरी बघायला लागल्या. चेंडू टाकायच्या आधी मान वळवून बघायचं, एवढंच. चेंडू खालून त्या लहान पोरीच्या हातात जाऊ लागला, ती तो झटकन दुसरीकडे देऊ लागली, बाहेरून फेकलेले चेंडू बास्केटमध्ये पडू लागले. शेवटी त्या जिंकल्या. नेहमीसारख्याच.

सगळ्यांनी हिला मिठ्या मारल्या. फोटोसाठी ओढत नेलं. दरवर्षी करंडक डोक्यावर धरायची ती हीच. यंदा गुडघ्यामुळे तिला खुर्ची दिली, बाकीच्या मागे उभ्या राहिल्या. करंडक त्या पहिल्या वर्षाच्या पोरीने धरला. सर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बौदी, आपने ठीक किया." त्यांचा सूर इतका हलका होता की मला पुन्हा राग आला.

टॅक्सीत ती खिडकीबाहेर बघत होती. "तुझ्या ओरडण्यामुळे जिंकल्या त्या," मी म्हटलं. ती "हं" म्हणाली.

घरी आल्यावर मी तिचा पाय मांडीवर घेतला आणि टॉवेलात बर्फ गुंडाळून गुडघ्यावर धरला. ती छताकडे पाहत होती.

"आई, गुडघा बरा झाला की मी कुठे उभी राहू?"

मी बर्फ तसाच धरून ठेवला. टॉवेल ओला होऊन पाणी माझ्या साडीवर गळायला लागलं.